सिमचा कोट

शनिवार, ८ एप्रिल १९३३

पोचलो एकदाचा हार्केसहोपला! किराण्याच्या गाडीवाल्याने मला, माझ्या ट्रंकेला आणि नेलला पुलापाशी उतरवलं आणि तिथूनच तो परत फिरला, कारण पुढचा रस्ता त्याच्या गाडीला झेपत नाही. (नेल म्हणजे माझी कुत्री. फेमीला हे ठाऊक आहे, पण ही वही शेवटी बेथियाआत्या मोठ्याने वाचणार आणि तिच्या नवऱ्याला उगाच वाटायचं, मेहुणा कुणा बाईला घेऊन गेला.) वही बेथियानेच दिली. रोज काय झालं ते लिहून काढ, म्हणजे बाप महिनाभर कुठे होता ते पोरीला कळेल, असं तिचं म्हणणं.

तर फेमी, तुझा बाप इथे आहे: दोन डोंगरांच्या बेचक्यात एक दगडी घर, एक गोठा, मेंढ्यांचे दोन वाडे, मागे ओढा, आणि ओढ्यापासून थेट आभाळापर्यंत नुसतं गवत. त्या गवताच्या डोंगराचं नाव हार्केस. झाड औषधालाही नाही. माथ्यावर तारेचं कुंपण आहे, त्याच्या अलीकडे आपला स्कॉटलंड आणि पलीकडे इंग्लंड. घरातलं सगळं बघणाऱ्या टिबीबाई म्हणाल्या, की पलीकडची मेंढरंसुद्धा आगाऊ असतात, चुकून तार ओलांडून आली तर चालण्यावरून ओळखू येतात.

मालक डालग्लीश सत्तरीचे आहेत, बोलणं मोजकं. बाजारात एडका निरखावा तसं त्यांनी मला दारात उभं करून डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. मग म्हणाले, उंची बरोबर आहे. कशासाठी बरोबर, ते काही सांगितलं नाही.

महत्त्वाचं हे, की विणीचा हंगाम मी नीट पार पाडला तर मेअखेरपासून कायमची नोकरी आणि ओढ्याकाठचं दोन खोल्यांचं घर माझं. फेमीची आई, जीन, वारली तेव्हा आधीच्या मालकाने घर काढून घेतलं, एकट्या गड्याला घर कशाला म्हणून. तेव्हापासून मी गड्यांच्या खोल्यांतून झोपतो आणि फेमी आत्याकडे. बेथियाच्या नवऱ्याची एक चुलतबहीण गॅलाशील्सला असते, पदरी मूल नाही, माणसं खाऊनपिऊन सुखी. फेमीला तिला देऊन टाका, असा त्याचा धोशा चालला आहे. मेअखेरपर्यंत मला घर मिळालं नाही तर नाही म्हणायला मला तोंड राहणार नाही. पोरगी सहा वर्षांची आहे, आणि मला ती हवी आहे.

सोमवार, १० एप्रिल

आज पहिल्यांदा हार्केस चढलो. बरोबर कुणी नव्हतं. मालकांनी अंगणातूनच काठीने वाट दाखवली.

चढ दिसतो त्याहून लांब आहे. ओढा ओलांडला की आधी हिवाळ्यात पांढरं पडलेलं उंच गवत लागतं, त्यातून मेंढ्यांनी पाडलेली एक पाऊल रुंदीची वाट जाते. मग एक पाणथळ जागा, तिथे हिरवंगार शेवाळ बघून कुणीही फसेल. त्याला वळसा घातला की अर्ध्या चढावर दगडांचा गोल वाडा आहे, पुरुषभर उंचीचा, छप्पर नाही. बर्फात मेंढ्यांना आडोसा म्हणून बांधलेला. तिथून माथ्यापर्यंत आखूड, मऊ गवत. टिटव्या डोक्यावर ओरडत होत्या, चंडोल गात होते, आणि ते थांबले की इतकी शांतता, की माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

माथ्यावर तारेला टेकून भाकरी खाल्ली. इंग्लंड आपल्यासारखंच दिसतं, गवत आणि आभाळ. मला हसू आलं. ह्या तारेवरून पूर्वी माणसांनी एकमेकांची डोकी फोडली म्हणतात.

इथल्या मेंढ्यांना खालून कुंपण लागत नाही. जो तुकडा आईने चरला तोच लेकीचा, तिच्या लेकीचा, कितीही हाकलल्या तरी त्या आपल्याच तुकड्यावर परत येतात. चारशे दहा मेंढ्या, सगळ्या हार्केसच्या. फेमी, तू इथे आलीस की तुलाही एक तुकडा देऊ.

शुक्रवार, १४ एप्रिल

पहिली सात कोकरं. गारांचा पाऊस दिवसभर. माझा कोट आतपर्यंत भिजला, दात वाजत होते.

संध्याकाळी मालक पेटीतून एक करडा लोकरी कोट घेऊन आले. नुसता पडून आहे, डोंगरावर जाताना घालत जा, म्हणाले. घालून पाहिला तर शिंप्याने माझंच माप घेतल्यासारखा बसला. डाव्या कोपराला ठिगळ आहे, फार बारीक टाक्यांचं. मी टिबीबाईंना म्हटलं, कसा दिसतो मी, जत्रेत नाचायला न्याल का? एरवी त्या टोला परत करायला एक क्षण लावत नाहीत. आज हातातली कढई खाली ठेवून आत गेल्या.

नेल कोट हुंगून बाकाखाली जाऊन बसली. उलट इथली म्हातारी कुत्री टिप चुलीपासून उठली आणि तिने माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मालक बघत उभे होते. त्यांचे डोळे भरले होते असं मला वाटलं, पण चुलीचा धूर होता.

मंगळवार, १८ एप्रिल

आज फेमीला सांगण्यासारखं काम केलं. एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं. ती त्याला चाटत होती, पायाने उठवत होती, बाजूला होईना. दुसरीकडे एका कोकराची आई रात्री गेली होती आणि ते भुकेने ओरडत होतं. असं कोकरू मेंढीपुढे नुसतं ठेवलं तर ती ढुशा मारून त्याला हाकलते, कारण वास परका. म्हणून मेलेल्या कोकराचं कातडं सोलायचं, पायांसाठी भोकं ठेवायची आणि झबल्यासारखं ते जिवंत कोकराला चढवायचं. मी तसं केलं. मेंढीने त्याला शेपटीपासून मानेपर्यंत हुंगलं. मग घशातल्या घशात एक हळू आवाज काढला, जो मेंढी आपल्या नुकत्याच जन्मलेल्या कोकराशीच बोलताना काढते, एरवी वर्षभर कधी नाही. आणि तिने पान्हा सोडला. मी हे शंभरदा केलं असेल, पण तो आवाज येईपर्यंत दर वेळी मी तिथून हलत नाही.

चार दिवस कातडं ठेवायचं. तेवढ्यात तिचं दूध कोकराच्या पोटातून फिरतं आणि त्याच्या अंगाला तिचाच वास येऊ लागतो. मग कातडं काढलं तरी ती त्याला सोडत नाही.

दुपारी दगडी वाड्यात बसलो तर आतल्या दगडाखाली कापडात गुंडाळलेली ओटची भाकरी आणि किटलीत दूध. भाकरी गरम होती! एवढ्या चढावर कुणी आणून ठेवावी? रात्री टिबीबाईंना म्हटलं, भाकरी झकास होती. त्या म्हणाल्या, माझी भाकरी झकासच असते, त्यात नवल काय? बाई गोड आहेत, फक्त ते कुणाला कळू देत नाहीत.

शनिवार, २२ एप्रिल

बेथियाचं पत्र. गॅलाशील्सचं जोडपं येऊन फेमीला बघून गेलं. बाईंनी तिची वेणी घालून दिली आणि जाताना रडल्या म्हणे. वाईट नाहीत त्या. पण पत्र वाचून मला जेवण गेलं नाही.

इथे काम उत्तम चाललं आहे. ब्याऐंशी कोकरं, फक्त पाच गेली. मालक म्हणाले, मेंढ्या यंदा डोंगरावर शांत आहेत. घराची चुलही बघून घे म्हणाले, धूर कोंडतो का ते. म्हणजे घर आपलंच, फेमी.

भाकरी आणि दूध रोज असतं. खाल्लं की सुस्ती येते. आज वाड्यात भिंतीला टेकून डुलकी लागली. जागा झालो तर कोट गळ्यापर्यंत बंद. वरचं बटण मी कधीच लावत नाही, गळ्याला काचतं. झोपेत लावलं असणार. केसांत गवताची कुसळं अडकली होती सकाळपासून, तीही कुठे दिसली नाहीत.

आणखी एक गंमत. टिबीबाईंना मी म्हटलं, माथ्याजवळच्या झऱ्याचं पाणी गोड आहे. त्यांनी विचारलं, तो झरा तुला कुणी दाखवला, तो तर दगडाने झाकलेला आहे. कुणी दाखवला ते मला आठवेना.

मंगळवार, २५ एप्रिल

सकाळी धुकं उतरलं. हाताची बोटं दिसत नव्हती. पाणथळ जागेच्या वर उभा राहून मी धुकं विरायची वाट पाहत होतो.

तेव्हा तो आवाज आला. घशातल्या घशातला, हळू. मेंढी आपल्या कोकराशी बोलते तो. मला वाटलं जवळच कुणी व्याली आहे. मी दोन पावलं पुढे गेलो, तो आवाज मागून आला. वळलो, तर पुन्हा मागून, आता अगदी जवळ. मी आयुष्यभर मेंढ्यांत राहिलो आहे, पण तो आवाज मेंढीच्या घशातून आलेला नव्हता. तो माणसाच्या घशातून येत होता.

आणि मग कुणीतरी माझी मान हुंगली. कानामागे, सावकाश, लांब श्वास घेऊन. श्वास थंड होता.

पळालो नाही. पाय हललेच नाहीत. पण खरं लिहायचं तर मला त्या क्षणी भीती नाही वाटली. आई गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. भीती घरी आल्यावर वाटली.

हे पान बेथियाने वाचून दाखवू नये.

गुरुवार, २७ एप्रिल

त्या कोकराचं कातडं काढून पाच दिवस झाले. मेंढी त्याला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. आज एक वाट चुकलेलं परकं कोकरू खेळत त्याच्याजवळ आलं. मेंढीने डोकं खाली घातलं आणि त्याला बांधाच्या दगडांवर ढुशी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मी पोचेपर्यंत त्याच्या बरगड्या गेल्या होत्या. आपलंसं केलेल्या कोकराजवळ ती दुसरं काही येऊ देत नाही. तिचा दोष नाही.

संध्याकाळी टिबीबाईंना सहज म्हटलं, एवढा डोंगर चढून भाकरी ठेवता, गुडघे दुखत नाहीत का? त्यांनी विचारलं, कसली भाकरी? मी सांगितलं, गोल वाड्यातली, रोजची, गरम. त्या मटकन बाकावर बसल्या. खाल्लीस? किती दिवस? मी म्हटलं, आठ-नऊ. त्या तोंडावर एप्रनचा बोळा धरून रडायला लागल्या.

मग सगळं बाहेर आलं. मालकांना एकच मुलगा होता, सिम. चार वर्षांपूर्वी विणीच्या दिवसांत धुक्यात वर गेला आणि पाणथळ जागेत रुतून बुडाला. आठ दिवसांनी सापडला. त्याची आई मॅरिअन प्रेताजवळ आली, हुंगलं, आणि म्हणाली, हा माझा नव्हे. पुरायलाही गेली नाही. रोज गरम भाकरी आणि दूध घेऊन डोंगर चढायची, त्याला हाका मारायची. पुढच्या वर्षी मार्चमध्ये बर्फ पडलं, ती उतरली नाही. गोल वाड्यात बसलेली सापडली, मांडीवर भाकरीचं कापड. त्या वसंतात मेंढ्या डोंगरावर ठरेनात, कोकरं टाकून खाली पळून यायच्या. आणि भर दुपारी वरून हाक यायची. मालकांना ती हाक ऐकवेना.

कोट कुणाचा, ते मी विचारलं नाही. ठिगळाचे टाके डोळ्यांसमोर आले.

शुक्रवार, २८ एप्रिल

सकाळी कोट मालकांच्या पायाशी टाकला. म्हातारा ढसाढसा रडला. म्हणाला, तू मेंढपाळ आहेस ना, मग तूच सांग, कोकरू मेलेलं आणि आई हाका मारतेय, अशा वेळी आपण काय करतो? मला दुसरं काय येतं? चाळीस वर्षं ती माझ्या शेजारी झोपली रे.

त्याच्या जागी मी असतो तर मलाही हेच सुचलं असतं.

टिबीबाईंनी बाकीचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी हेडली नावाचा एक गडी असाच विणीसाठी ठेवला होता. उंचीने सिमएवढा. त्यालाही कोट दिला. मेंढ्या शांत झाल्या, हाक थांबली. मग त्याचा धाकटा भाऊ त्याला भेटायला आला. संध्याकाळी तो ओढ्यात सापडला. बरगड्या चुरा झालेल्या. घोड्याने लाथ मारली असेल असं डॉक्टर म्हणाले. इथे घोडा नाही. हेडली दुसऱ्या दिवशी डोंगर चढून गेला तो उतरला नाही. एका वर्षाने हाक पुन्हा सुरू झाली.

उद्या निघतो. घर नको. फेमीला घेऊन कुठल्याही गोठ्यात राहीन.

शनिवार, २९ एप्रिल

पहाटेच निघालो. ट्रंक ठेवून, फक्त नेल आणि वही. पुलापर्यंत आलो, पूल ओलांडला, रस्ता धरला. अर्धा तास चाललो असेन. पाय दुखू लागले म्हणून खाली बघितलं तर पायाखाली आखूड, मऊ गवत. मी गोल वाड्यापाशी उभा होतो.

पुन्हा उतरलो. पुन्हा पूल. मोजत चाललो, प्रत्येक पाऊल. सहाशे चाळीसनंतर चढ लागला.

तीनदा. चौथ्यांदा प्रयत्न केला नाही. हार्केसची मेंढी कितीही हाकलली तरी —

संध्याकाळी उतरलो तर गाडी येऊन गेली होती. बेथियाचं पत्र: फेमी ऐकत नाही, बाबाला बघायचंच म्हणते. पुढच्या शनिवारी, ६ तारखेला, गाडीवाल्याबरोबर दोघी येतो. गॅलाशील्सच्यांना थांबायला सांगितलं आहे. तुझं घर बघू दे पोरीला.

हेडलीचा भाऊ सोळा वर्षांचा होता. फेमी सहा वर्षांची आहे.

रविवार, ३० एप्रिल

मधल्या दिवसांत टपाल नाही. सगळ्यांत जवळचं घर अकरा मैलांवर. मालकांना म्हटलं, तुम्ही जा, गाडीला थांबवा. ते मान हलवत राहिले. मी गेलो आणि परतेपर्यंत तू नसलास तर, म्हणाले. ते मला सोडणार नाहीत. टिबीबाईंचे गुडघे पुलापर्यंतच जातात. त्या म्हणाल्या, शनिवारी सकाळपासून पुलावर उभी राहीन, गाडीवाल्याला तिथूनच परत पाठवीन, गोवर आलाय म्हणून सांगेन.

कोट घालत नाही. काही फरक पडत नाही. बारा-तेरा दिवस अंगावर होता, नऊ दिवस तिचं खाल्लं. चार दिवस पुरतात. मलाच माहीत आहे.

सोमवार, १ मे

कामाला जावं लागतं. कोकरं कुणी बघायची? बांधावरून उतरलो तर नेल गुरगुरली. शीळ घातली. आली नाही. लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघतात तसं. मग रस्त्याने पळत गेली. बरं झालं. ती तरी गेली.

टिप पायाशी झोपली आहे.

मंगळवार, २ मे

जेवताना मालकांनी हाक मारली, सिम, मीठ दे. मी दिलं. टिबीबाईंनी माझा हात धरला तेव्हा कळलं.

मग मुद्दाम आठवत बसलो. जीनचा चेहरा. कपाळ आठवतं, केस आठवतात, मधलं काही नाही. त्याऐवजी दुसरंच आठवतं. ह्याच घरातली खिडकी, खिडकीत मी बसलो आहे, पाय जमिनीला पुरत नाहीत, कुणी बाई माझ्या कोटाच्या कोपराला ठिगळ लावते आहे. मी हॉइकच्या गल्लीत वाढलो. मी ह्या घरात एप्रिलमध्ये —

फेमीचं नाव यूफेमिया जीन टेल्फर. जन्म १९ ऑगस्ट. हनुवटीच्या डाव्या बाजूला तीळ. लिहून ठेवतो.

गुरुवार, ४ मे

ती खाली येते आता. भर दुपारी, उन्हात. घराखालच्या बांधाशी उभी असते. करडी शाल, हातात कापड. चेहरा दिसत नाही, रस्त्याकडे असतो. आज तिने डोकं वर करून हवा हुंगली. रस्त्याच्या बाजूची.

माझी चूक. रात्री बेथियाचं पत्र मी मोठ्याने वाचलं, नावं विसरू नयेत म्हणून. फेमी येते, शनिवारी, गाडीतून. खिडकी उघडी होती.

शुक्रवार, ५ मे

दुपारभर पुलावर. ती. कठड्याशी, डोकं खाली.

टिबीबाईंना दिसत नाही. त्या म्हणतात मी उभी राहीन, मी उभी राहीन. त्यांच्या अंगातून ती जाईल.

काय करायचं ते मला माहीत आहे. आज दिवसभर माहीत होतं. दुसरं काही सुचावं म्हणून थांबलो होतो. मेंढी परक्या कोकराला मारते ते आपलं कोकरू जवळ असतं म्हणून. आपलं दूर निघालं, ओरडलं, की ती सगळं टाकून त्याच्या मागे वळते. कधी चुकत नाही.

मालकांकडून कोट मागून घेतला. त्यांनी स्वतः बटणं लावली. माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

शनिवार, ६ मे. गोल वाडा. दुपार

पुलाशी ती उभी होती. लांब रस्त्यावर गाडीचा ठिपका दिसायला लागला. मी ओढा ओलांडला आणि चढायला लागलो. पांढऱ्या गवतातून, पाणथळ जागेशेजारून, सावकाश. मागे वळून हाक मारली. आई, म्हटलं. तोंडातून इतकं सहज आलं.

तिने मान वळवली.

गाडी वळणावर. ती अजून पुलावर. पुन्हा हाक मारली, रडत मारली, खोटं रडायची गरज पडली नाही. आई, ये ना, मी इथे आहे —

निघाली. गवत हलत नाही ती येते तेव्हा.

आता वाड्यात बसलो आहे. इथून पूल दिसतो. गाडी थांबली आहे. टिबीबाई हात हलवत आहेत. निळी टोपी खाली उतरली. पोरगी कठड्यावर चढून डोंगराकडे बघते आहे. हात वर केला तिने. फेमी, मी पण केला. तुला दिसला का?

शेजारी बसली आहे ती. भाकरी गरम आहे. बटण लावते आहे, वरचं. लिहू देते, घाई नाही तिला.

फेमी, गॅलाशील्सच्या त्या बाईंकडे जा. वेणी चांगली घालतात. त्यांना आई म्हणालीस तर मला राग नाही येणार, तुझ्या आईलाही नाही. त्यांनी घर दिलं तर ते तुझंच समज. फक्त इकडे येऊ नकोस. मोठी झालीस तरी नको. कुणी काही सांगितलं तरी नको. मी रागावलो नाही, मी टाकून गेलो नाही, एवढं कुणीतरी तिला —

टोपी गाडीत बसली. गाडी वळते आहे. निळी टोपी कुणाची? फेमीची. माझ्या फेमीची. यूफेमिया जीन. यूफेमिया जीन. अजून येतं.

गाडी वळली पूर्ण. जाते आहे.

ती माझे केस विंचरते आहे. आता पुरे, म्हणते. सही करतो आणि

तुझा बाप,
सि—